गोधडीच्या पोटातलं लुगडं

तळोद्यात दाऊद पिंजाऱ्याची रजिया डोळा मारते अशी बोंब उठली, तेव्हा रजियाचं वय साठीच्या पुढं गेलेलं होतं. आता साठी ओलांडलेल्या बाईनं भर गल्लीत भाजीवाल्यासमोर उभं राहून आधी एक डोळा मिटायचा, मग दुसरा मिटायचा, परत पहिला मिटायचा, तर लोक बोलणारच की हो. भाजीवाला दोधू, नातवंडांचा धनी. त्यानं वांगी तोलता तोलता तराजू खाली ठेवला आणि विचारलं, "काय व्हयनं भाभी? डोयामा काही गयं का?"

"काही नही रे," रजिया म्हणाली. "हाई वांगं कोनता रंगनं शे, तेवढं सांग."

दोधूनं वांग्याकडं बघितलं, मग रजियाकडं बघितलं. "वांगाना रंगनं," तो म्हणाला.

घ्या! उत्तर चूक नव्हतं, पण रजियाच्या काडीच्याही कामाचं नव्हतं. ती वांगी न घेताच घरी आली. घरी दाऊदमियाँ दारातच बसले होते आणि बातमी तिच्याआधीच येऊन पोचली होती. "अरी, इस उमर में आँख मारती?" ते म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. रजियाला हसू आलं नाही. तिच्या डोक्यात नुसता गोंधळ चालला होता, आणि तो गोंधळ वांग्याचा नव्हता. एका लुगड्याचा होता.

झालं होतं असं. रजियाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यातल्या उजव्याचं ऑपरेशन महिन्यापूर्वी नंदुरबारला झालं, डाव्याचं अजून व्हायचं होतं. पट्टी निघाली तेव्हा तिनं पहिल्यांदा दाऊदमियाँची दाढी पाहिली आणि म्हणाली, "तुम्ही दाढीला नीळ घालता का?" दिवाणखान्यातली भिंत पांढरीफटक, आभाळ निळंशार, सुनेची, शिरीनची ओढणी तर डोळ्यांत घुसेल इतकी निळी. डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्हाला इतके दिवस सगळं पिवळट दिसत होतं, आता सवय होईल. पण तोच दिवाणखाना डाव्या डोळ्यानं बघावा तर चहाच्या रंगाचा. एका घरात दोन घरं! सकाळी उठून कुठल्या घरात राहायचं हे ठरवता ठरवता बाईचा जीव मेटाकुटीला यायचा.

रजिया कधी काळी गोधड्या शिवायची. दाऊदमियाँचं गाद्यांचं दुकान, कापूस पिंजायचं मशीन, पण कापसाच्या वाटेला रजिया कधी गेली नाही. तिचा जीव जुन्या कापडावर. लोक लुगडी, धोतरं, परकर गाठोड्यात बांधून आणून टाकायचे आणि रजिया त्याची गोधडी करून द्यायची. एकटी नाही. मागच्या गल्लीतली शोभाबाई रोज दुपारी भांडी आवरून यायची आणि गोधडीच्या समोरच्या काठाला बसायची. एक इकडून धावदोरा घालत निघणार, एक तिकडून. मधोमध दोघींच्या सुया भेटल्या की त्या दिवशीचं काम संपलं. मग चहा. शोभाबाईचा नवरा लवकर गेलेला, रजियाच्या दोन मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. सुया चालायच्या त्याच्या दुप्पट तोंडं चालायची. गल्लीतलं कुणाचं काय शिजतं ते त्या गोधड्यांना ठाऊक.

रजियाचे नियम कडक. गोधडीला चेहरा असतो आणि पोट असतं. चेहरा म्हणजे वरचं, लोकांना दिसणारं कापड, ते सगळ्यात जीव लावलेलं हवं. पोटात काय, विटलेलं, फाटलेलं, डागाचं काहीही जातं. फक्त पोटातल्या कापडाचे काठ आधी कापून टाकायचे, नाहीतर सुई अडते. आणि दोरा चेहऱ्याच्या रंगाचाच. निळ्यावर काळा घातलेला तिला चालायचा नाही. "दोरा दिसला म्हणजे शिवणारणीची लाज दिसली," असं ती शोभाबाईला बजावायची, आणि शोभाबाई म्हणायची, "तुन्ही लाज तूच संभाळ, माले चहा दे."

अशी ही जोडी. मग शोभाबाईची आई गेली. रनाळ्याची म्हातारी, शेवटी शेवटी एकच जांभळं लुगडं नेसायची, काठाला पिवळी रेघ. शोभाबाईच्या तोंडात ळ नव्हताच, ती म्हणायची 'जांभयं'. आईचे दिवस झाल्यावर तिनं गाठोडं आणून रजियाच्या पुढ्यात ठेवलं. "मन्ही मायनं जांभयं लुगडं शे यामा. त्याना चेहरा कर. माले रोज पांघरानं शे." एवढं बोलून ती गाठोड्यावर डोकं टेकून रडली, आणि रजियानंही तिच्या पाठीवर हात ठेवून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रजियानं एकटीनंच गाठोडं सोडलं. पोट रचलं, कच्च्या टाक्यांत अडकवलं, आणि चेहऱ्यासाठी जांभळं लुगडं शोधायला लागली. नव्हतं. सगळं उलथंपालथं केलं. एक तपकिरी, मळकट लुगडं तेवढं हाताला लागलं. ते तिला आपल्याच ढिगातलं वाटलं, कारण तिनं घरच्या गोधडीसाठी काढलेला चिंध्यांचा ढीग शेजारीच पडलेला होता. तिनं ते आपल्या ढिगात टाकलं.

शोभाबाई आली. "तुन्हा गाठोडामा जांभयं लुगडं व्हतंच नही," रजियानं सांगितलं.

"व्हतं. मी मन्हा हातघाई ठेवं."

"नव्हतं, शोभा."

"मंग काय पंख फुटनात त्याले?"

शब्दानं शब्द वाढला. शेवटी शोभाबाईच्या तोंडून ते निघालं, जे निघायला नको होतं. "मन्ही मायनं लुगडं तू दाबी लिधं." रजियाला कानाखाली बसल्यासारखं झालं. तीस वर्षं ज्या बाईसमोर पाय पसरून बसलो, तिनं चोर म्हणावं? रजिया म्हणाली, "उठ मन्हा घरमातून." शोभाबाई उठली. कच्च्या टाक्यातली गोधडी तशीच, रजियाची स्वतःची अर्धवट गोधडीही तशीच, दोन्ही पत्र्याच्या पेटीत गेल्या. वर डांबराच्या गोळ्या. पुढं रजियाची नजर आणखी मंदावली आणि शिवणं आपोआपच सुटलं. कुणी विचारलं तर ती म्हणायची, डोळे गेले. खरं म्हणजे समोरच्या काठाला कुणी उरलं नव्हतं.

आता सहा-सात वर्षांनी पेटी उघडायचं कारण काय, तर शिरीनला दिवस गेलेले. शिरीन म्हणजे रजियाच्या मुलाची, अकीलची बायको, माहेर गुजरातेत व्यारा. बाळाला मऊ गोधडी हवी, आणि नवा डोळा मिळालेला, म्हणून रजियाला हुरूप आला. तिनं स्वतःची अर्धवट गोधडी काढली, जमिनीवर पसरली, सुई ओवली. एका झटक्यात ओवली! दोऱ्याचं टोक न चोखता, कुणाला हाक न मारता. बाई खूश झाली. गोधडीची एक बाजू उघडीच होती. तिथून पोटातलं कापड थोडं बाहेर डोकावत होतं, ते आत सारायला म्हणून तिनं हात घातला.

जांभळं.

रजियानं हात मागं घेतला. मग कापड ओढून अजून बाहेर काढलं. जांभळं, अगदी पिकल्या जांभळासारखं. तिनं उजवा डोळा मिटला. तपकिरी, मळकट, आपल्या ढिगातलं. डावा मिटला. जांभळं. उजवा. तपकिरी.

तिथून हे डोळा मारणं सुरू झालं. तिला आधी वाटलं, नवा डोळाच खोटा. त्यानं दाढीला नीळ घातली होती, तो लुगड्याला जांभळ्यात का नाही बुडवणार? कालचा आलेला तो, त्याला काय कळतंय? जुना डोळा साठ वर्षं सोबत, त्यानं अख्खं तळोदं पाहिलेलं, त्याचंच खरं असणार. मग तिच्या मनात आलं, पण जुन्यानंच तर निळ्याला काळं आणि पांढऱ्याला चहाचं केलं होतं, डॉक्टर सांगत नव्हते का? मग वांगं बघायला ती दोधूकडं गेली. वांगंही एका डोळ्याला जांभळं, एकाला तपकिरी-काळं. आता वांगं तर जांभळंच असतं ना? की आपण तसं नुसतं ऐकत आलो? दोधूनं उत्तर दिलं 'वांगाना रंगनं', आणि बाई होती तिथंच राहिली.

शेवटी तिनं लुगड्याचा तुकडा दाऊदमियाँसमोर धरला. "हा कुठला रंग?"

"बैंगनी," ते म्हणाले.

शिरीनला दाखवला. "जांबली," शिरीन म्हणाली, तिच्या गुजराती वळणानं.

"अगं, जांभळं की नाही, तेवढं सांगा ना!" रजिया ओरडली.

"तेच तर सांगतेय, अम्मी!" शिरीन घाबरून म्हणाली. पोटुशी पोर, तिला वाटलं सासूला ऑपरेशन बाधलं.

मग काय उरलं? लुगडं जांभळं होतं. पहिल्यापासून जांभळंच होतं. शोभाबाईनं स्वतःच्या हातानं ते गाठोड्यात ठेवलं होतं, आणि रजियानं स्वतःच्या हातानं ते आपल्या गोधडीच्या पोटात ढकललं होतं. आणि नियमाप्रमाणं आधी काठ कापून! पिवळ्या रेघेचा तो काठ तेव्हा तिला मळका पांढरा दिसला असणार. कुठं गेला असेल काठ? चुलीत, नाहीतर केरात. रजिया त्या जांभळ्या कापडावर बसून राहिली आणि तिला रडूही येईना. रडायचं कुणासाठी, हेच ठरेना. आपण चोर नव्हतो, पण चोरीचा माल आपल्याच पेटीत निघाला. आता नेऊन द्यावं, तर शोभाबाई म्हणणार, बघा, शेवटी निघालंच हिच्या घरातून. ठेवून घ्यावं, तर मग आपण खरोखरच चोर. मोतीबिंदूचं सांगावं, तर म्हणेल काय सोयीचा आजार आहे!

चार दिवस तिनं नुसत्या गटांगळ्या खाल्ल्या. भाजी दोनदा खारट झाली. नमाजात मन लागेना. दाऊदमियाँ एवढंच म्हणाले, "जा एक बार. इतनं लुगड्याला बघत बसली, तर बाळ नंगंच झोपायचं." पाचव्या दिवशी दुपारी, शोभाबाई पूर्वी यायची त्याच वेळेला, रजियानं पोटातून ते जांभळं कापड सगळं उसवून काढलं, शोभाबाईच्या कच्च्या टाक्यातल्या गोधडीत गुंडाळलं, सुयादोऱ्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि निघाली.

दोन गल्ल्यांचं अंतर. पण पाय असे जड, जणू अक्कलकुव्याला चालत निघालीय. वाटेत एकदा ती परतसुद्धा फिरली होती. मग तिला आठवलं की शोभाबाईला शेवटचं जवळून बघितलं त्याला किती वर्षं झाली हेसुद्धा आपल्याला नीट सांगता येत नाही, आणि ती पुन्हा पुढं चालायला लागली.

शोभाबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. केस पार पांढरे झालेले, रजियाच्या नव्या डोळ्याला ते निळसर दिसले. रजिया समोर जाऊन उभी राहिली तरी शोभाबाईनं मान वर करून नुसतं तिच्या दिशेनं पाहिलं.

"कोन शे?"

रजियाला वाटलं, मुद्दाम करतेय. "मी," ती म्हणाली.

आवाज ओळखला. शोभाबाईचा हात सुपातच थांबला. तिनं हातातले तांदूळ परत सुपात सोडले. मग म्हणाली, "कसाले उनी?"

आता कुठून सुरुवात करायची? चार दिवस घोकून आलेलं सगळं रजियाच्या डोक्यातून उडून गेलं. तिनं गुंडाळी सोडली आणि लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. "तुन्ही मायनं," एवढंच म्हणाली. "मन्हा घरमाच व्हतं. माले दिसनंच नही, शोभा. मन्हा डोया..."

शोभाबाईनं लुगडं हातात घेतलं. रजिया समोर उभी. आता ही शिव्या देणार, नाहीतर रडणार, काहीही चालेल, पण काहीतरी होऊ दे. शोभाबाईनं लुगडं डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उन्हाकडं केलं. काठ शोधला, काठ नव्हता. वास घेतला, डांबराच्या गोळ्यांचा आला. मग तिनं ते दोन बोटांनी उचलून रजियाच्या अंगावर टाकलं.

"हाई तपकिरी शे," ती म्हणाली. "मन्ही मायनं जांभयं व्हतं. इतला वरीस गयात आनि तू माले परत दुसरंच लुगडं देस?"

रजियानं ते झेललं. तिनं लुगड्याकडं पाहिलं. जांभळं. भर दुपारच्या उन्हात, जांभळं म्हणजे जांभळं! ती आता भांडायलाच उठणार होती. डोळे फुटलेत का तुझे, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तेवढ्यात तिची नजर सुपाकडं गेली. निवडून झालेल्या ढिगात खडे तसेच होते. काळे, करडे, चांगले हरभऱ्याएवढे. आणि बाजूला टाकलेल्या केरात चांगला तांदूळ.

रजिया मटकन ओट्यावर बसली. तिला सगळं कळलं आणि काहीच कळेना. ही तेव्हा बरोबर होती आणि मी ठार आंधळी, मीच छातीठोकपणे म्हणत होते, नाही म्हणून. आता मला दिसतंय आणि ही छातीठोक. आणि हिला मी सांगू काय? मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का?

तिनं तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला, नवा डोळा पार झाकून टाकला, आणि जुन्या डोळ्यानं लुगड्याकडं पाहिलं.

"हा शोभा," ती हळूच म्हणाली. "तपकिरीच शे."

"मंग!" शोभाबाई म्हणाली. पण इतक्या सहज जिंकलेलं तिलाही कसंतरी वाटलं असावं. तिचा आवाज खाली आला. "मंग कसाले लई उनी?"

रजियानं तळहात काढला. "या डोयाघाई जांभयं दिखस. त्या डोयाघाई तपकिरी. याना आपरेशन व्हयनं, त्याना बाकी शे. तवय दोन्ही डोया तसाच व्हतात, शोभा. तवय माले तपकिरीच दिसनं. मी खोटं नही बोलनू वं."

"मंग खरं कोनतं?"

"माले काय माहीत, बाई!" रजिया म्हणाली, आणि चार दिवस अडलेलं रडू एकदम फुटलं. "घरमा सगळा जांभयं म्हनतस. मी तं येडी व्हई गयी. काठबी मीच कापी टाका. आते काय दखाडू तुले?"

शोभाबाईला तिचं तोंड नीट दिसत नव्हतं, पण ते हुंदके तिच्या ओळखीचे होते. आई गेली तेव्हा गाठोड्यावर तिच्याबरोबर कोण रडलं होतं? तिनं सुपात हात फिरवला. एक खडा बोटाला लागला, तो तिनं उचलून चाचपला. मग दुसरा लागला.

"सून म्हनस, मी तांदूयमा खडा ठेवस," ती म्हणाली. "मी तिन्हासंगे भांडस. म्हनस, तुन्हा माहेरना तांदूयच तसा."

रजिया रडता रडता हसली. शोभाबाई हसली नाही. तिनं सूप बाजूला सारलं, दोघींच्या मधे पडलेल्या त्या लुगड्याला हात पुसले, मग आपण कोणतं लुगडं पुसायला घेतलं हे लक्षात येऊन तिनं ते झटकन मांडीवर ओढून सारखं केलं.

"बठ आठे," ती म्हणाली.

दोघींनी ओट्यावर गोधडी पसरली. कच्चे टाके जागोजागी सुटले होते, पण पोट जसंच्या तसं. वर चेहरा म्हणून ते बिनकाठाचं लुगडं अंथरलं. शोभाबाई समोरच्या काठाला जाऊन बसली, पूर्वी बसायची तशीच, एक पाय मुडपून. हातानं कापडाच्या सुरकुत्या काढत राहिली. रजियानं पिशवीतून दोन रिळं काढली आणि शेजारी शेजारी धरली. दोरा चेहऱ्याच्या रंगाचा. तिचाच नियम.

"शोभा, दोरा कोनता ओवू? तपकिरी का जांभया?"

शोभाबाईचा हात कापडावर थांबला. तिनं खाली वाकून पुन्हा एकदा बघितलं. तिला काय दिसलं, ते तिच्या तोंडावर स्पष्ट होतं.

"जांभया ओव," ती म्हणाली. "आनि आते तरी नीट देखीसन."